खाण्यापिण्याची गाणी : कोजागिरीच्या कार्यक्रमात कोणती घ्यावी, कशी बसवावी

चुलीपुढची ओवी

कोजागिरीला भुलाबाईचा, म्हणजे मुलींच्या महिनाभराच्या गाण्यांच्या खेळाचा, समारोप असतो, चुलीवर दूध आटत असतं, आणि ते आटेपर्यंतचे तीन-चार तास गाण्यांनी भरायचे असतात. यंदा एकच विषय धरून बसावं असं सुचवते : खाणं. ओवीपासून सिनेमापर्यंत आणि साता समुद्रापलीकडच्या गाण्यांपर्यंत खाण्याची गाणी भरपूर आहेत, पण मंचावर सगळी सारखी उभी राहत नाहीत. ज्या गाण्यात हात चालतो ते रंगतं. दळणं, मोजणं, विकणं, वाढणं, ढवळणं यातलं एखादं काम ठेक्यातच असलं की पदार्थ डोळ्यांपुढे येतो. नुसती पदार्थांची नावं एकापुढे एक ठेवली की दुसऱ्या कडव्यालाच चुळबूळ सुरू होते.

सुरुवात जात्यावरच्या ओवीनं करावी. अन्नाची पहिली पायरी दळण, म्हणून तिचा मान पहिला. हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. निवड करताना तिथं तास-दोन तास द्या.

मंचावर ओवी बिघडते ती तबला-ढोलकीमुळे. ओवीचा ताल मात्रांचा नाही, फेऱ्याचा आहे. खुंटा पुढे लोटताना सूर निघतो, अंगाकडे ओढताना श्वास घेतला जातो, आणि वैरण, म्हणजे दाण्यांची मूठ, टाकायला हात सुटतो तिथं ओळ थांबते. केरवा लावला की हे थांबणं मरतं आणि ओवी भावगीतासारखी ऐकू येते. म्हणून खरं जातं ठेवा, दोघीजणी समोरासमोर बसवा आणि ज्वारी खरोखर दळा. एका वेळी एकच मूठ वैरण टाकायची. जास्त टाकली तर वरची पाळ उचलते, पीठ भरड येतं, फेरा हलका होतो आणि गाणाऱ्या नकळत पळायला लागतात. जातं रिकामं कधीच फिरवू नये. दगडावर दगड घासून टाकी (छिन्नीनं पाडलेल्या खाचा) मरते, पिठात कच येते आणि आवाज कर्कश होतो. दोन वर्षं न वापरलेलं जातं आणलं असेल तर आधी टाकी लावून घ्या आणि पहिलं किलोभर दळण जनावरांना घाला.

नमुन्याला एक नवी ओवी देते. तिरप्या रेघेपाशी वैरणीचा हात सुटतो :

पहिली वैरण गं / टाकली जवारीची
शेतात पाहे वाट / धनी न्याहारीची

आठ ओव्या पुरेत, म्हणजे साधारण पाच मिनिटं. बाकीच्या प्रकारांवर जाणकारांनी इथंच, आपापल्या टोपणनावाखाली लिहावं.

टिपरी

ताई, भुलाबाईकडे मी वळते. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजी बसतात आणि आश्विनातल्या पौर्णिमेला उठतात. महिनाभरातली निम्मी गाणी सासर-माहेराची आणि निम्मी खाण्याची, आणि दोन्ही एकमेकांत पुरती मिसळलेली.

कारल्याचं गाणंच पाहा. सून माहेरी जायला निघते, सासू म्हणते आधी कारल्याचं बी पेर. सून पेरते आणि विचारते, आता तरी धाडा ना. मग कोंब फुटू दे, वेल चढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, जेव, उष्टं काढ. एक पायरी झाली की सासू पुढची काढते. बी पेरल्यापासून ताटातल्या उष्ट्यापर्यंतचा सगळा शेतीचा आणि सैपाकाचा क्रम त्यात आहे, आणि तो क्रम हेच त्या गाण्याचं पाठांतर. बसवताना मुलींचे दोन गट करा. सासूची ओळ एकटीनं म्हणायची, सुनेची ओळ सगळ्यांनी. चुकतं ते फुलापाशी. वेलावरून मुली एकदम कारल्यावर उडी घेतात आणि अर्ध्या एका ओळीत तर अर्ध्या दुसऱ्या ओळीत राहतात. सासू झालेल्या मुलीनं बोटांवर पायऱ्या मोजाव्यात, म्हणजे हे टळतं. लय दर दोन पायऱ्यांनी किंचित वाढवावी. पहिल्यापासूनच जलद घेतली तर सासूला सुनेचा जीव खायला जागाच उरत नाही.

दुसरं गाणं श्रीकांता कमलकांताचं. बायको लाडू करते, वेडा नवरा चेंडू समजून खेळायला घेतो. करंज्या करते, तो होड्या म्हणून पाण्यात सोडतो. प्रत्येक कडव्याला एक पदार्थ आणि त्याच्या आकारावरून एक चूक, एवढाच साचा आहे, म्हणून आपल्याकडचे पदार्थ सहज बसतात. आपली लांब पोळी दुपट्टा समजून खांद्यावर, रोडगे गोटे समजून बांधावर, कुरड्या चिमणीचं घरटं समजून झाडावर. मात्र पदार्थाचं नाव दोन किंवा तीन अक्षरांचंच घ्या. ‘पाटवडी’, ‘सांभारवडी’ चालीत कोंबल्या की टिपरी चुकते.

खिरापतीचा डबा गाण्याइतकाच महत्त्वाचा. डबा हलवून आवाजावरून ओळखायचं असतं. फुटाणे-मुरमुरे लगेच कळतात, लाडू धप्प वाजतात. घरच्या बायांनी डब्यात आधी फडकं घालावं, मग खाऊ ठेवावा आणि वरून दोनच शेंगदाणे सुटे टाकावेत. ओळखणाऱ्या भलतीकडे जातात आणि गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं हे प्रश्न चांगले लांबतात. मंचावर डबा माईकजवळ हलवला तर सगळ्या मांडवाला ओळखता येतं.

झाडीचा दंडारी

झडत्या, म्हणजे पोळ्याला बैलांपुढे म्हणतात त्या यमकाच्या ओळी, विसरू नका. झडती गायची नसते, हाळी देऊन म्हणायची असते. ‘वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी’ सगळ्यांना माहीत आहे. तिच्यात महादेव दोन पैशांसाठी रडतो आणि पार्वतीच्या लुगड्याला छप्पन गाठी असतात. खोबऱ्याच्या वाटीनं सुरू होऊन फाटक्या लुगड्यावर येणारी ही दोन ओळींची गरिबी मोठ्या मोठ्या कवितांत सापडत नाही.

म्हणणाऱ्यानं शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती’ म्हटलं की सगळा मांडव ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणणार. खाली ढोलकी नको, शेवटच्या गजरालाच डफ पडला पाहिजे. आधीपासून वाजवला तर शब्द कळत नाहीत, आणि झडतीत शब्दांखेरीज दुसरं काही नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळचं आवतणही घ्या. तूप-हळद लावून बैलाची खांद शेकताना म्हणतात : आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. एवढंच. जेवायला बोलावण्याचं याहून लहान आणि भरलेलं बोलणं मला माहीत नाही. एकानं शांतपणे म्हणावं, तीनदा, वाद्याशिवाय. झडत्यांच्या आधी ठेवलं तर पुढचा गजर दुप्पट उठतो.

सिरोंचाकर

आमच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर, घरोघरी तेलुगू बोलतात, त्यामुळे हे गाणं माझ्याकडून. १९५७ च्या ‘मायाबाजार’मधलं ‘विवाह भोजनंबु’. घटोत्कच झालेले एस. व्ही. रंगाराव, आवाज माधवपेद्दी सत्यम यांचा. लग्नघरी मांडलेलं अन्न घटोत्कच एकटा फस्त करतो, एवढाच प्रसंग. तमिळमध्ये हेच गाणं ‘कल्याण समयल सादम’ म्हणून तिरुची लोगनाथन यांनी गायलं.

चुलीपुढच्या ताईंनी यादीच्या गाण्यांबद्दल जे लिहिलं, त्याचं उत्तर या गाण्यात आहे. ही यादीच आहे : गारेलु म्हणजे उडदाचे वडे, बूरेलु म्हणजे पुरण भरून तळलेले गोळे, अरिसेलु म्हणजे तांदूळ-गुळाचे अनारशाच्या जातीचे, मग लाडू, फेणी, जिलेबी, पुळिहोरा म्हणजे चिंचेचा भात, दप्पळम म्हणजे भाज्यांचं आंबट कालवण, शेवटी पायसम. तरी कंटाळा येत नाही, कारण बहुतेक पदार्थांपुढे वेगळा उद्गार आहे. गारेलुंपुढे ‘औरौरा’, बूरेलुंपुढे ‘अय्यारे’, अरिसेलुंपुढे ‘ओहोरे’, लाडवांपुढे ‘भळी’, पायसमपुढे ‘वहवारे’. नाव पाठ केलेलं असतं, उद्गार मात्र झाकण उघडल्यावर तोंडून निघतो. ऐकणाऱ्याला पदार्थ मोजल्याचं जाणवत नाही, एकामागून एक झाकण उघडल्यासारखं वाटतं. मध्ये घटोत्कचाचं हसू येतं, तेही लयीत. चावायला आणि श्वास घ्यायला तेवढी जागा लागते.

गाणाऱ्यानं खर्जातला आवाज फुगवू नये. राक्षस दाखवायच्या नादात सगळे तिथंच घसा बसवून घेतात. आवाज साधा ठेवा, हसू मोठं करा. सोबत रिकाम्या परातींवर कोणी झाकणं उघडत गेलं तर भाषा न कळणारेही ताल धरतात.

पेटीमास्तर

फेरीवाल्यांची गाणी राहिली. हा जगभर चाललेला प्रकार आहे आणि आपल्याकडचा नमुना जुना आहे. भारतेंदु हरिश्चंद्रांच्या १८८१ च्या ‘अंधेर नगरी’ नाटकात घासीराम ‘चने जोर गरम’ म्हणत येतो आणि चण्याची तारीफ करता करता सांगतो की हाकीमही हा चणा खातात आणि मग सगळ्यांवर दुप्पट कर लावतात. पुढे हीच हाक १९४० च्या ‘बंधन’मध्ये आली, १९८१ च्या ‘क्रांती’मध्ये आली. क्यूबात मोइसेस सिमोन्स यांनी शेंगदाणे विकणाऱ्याच्या हाकेवर ‘एल मानिसेरो’ बांधलं. डॉन आसपियासू यांच्या वाद्यवृंदानं ते १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि तिथून ते जगभर गेलं. हाकेवर बांधलेल्या गाण्याला तिकडे ‘प्रेगोन’ म्हणतात.

बांधणी सगळीकडे एकच. आधी वरच्या सुरावर लांबवलेली हाक, कारण ती गल्लीच्या टोकाला पोचली पाहिजे. मग खाली उतरून भराभर मालाचे गुण, कारण गिऱ्हाईक जवळ आलेलं असतं आणि त्याला थांबवायचं असतं. मंचावर लोक हे उलटं करतात, हाक उरकतात आणि गुण लांबवतात. हाकेला पूर्ण आठ मात्रा द्या. गारेगारवाल्याची, फुटाणेवाल्याची हाक गावातल्या पोरांना येतेच. ती जशीच्या तशी घेऊन तिच्या शेवटच्या सुराला सा धरला की चाल आपोआप बसते.

इंग्रजीतलं एखादं हवं असेल तर हँक विल्यम्सचं १९५२ चं ‘जंबलाया’. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या पाणथळ भागातलं जेवण, भात-मांसाची खिचडी आणि झिंग्यासारख्या गोड्या पाण्यातल्या जिवाची पाई. मूळ चालही तिथल्याच एका लोकगीतावरची. मी ते सुचवतो ते सोपेपणासाठी. सबंध गाणं दोनच स्वरगुच्छांवर आहे. पेटीवर सा-ग-प आणि प-नी-रे, बस. शाळकरी पोरगा आठवड्यात वाजवेल.

सिरोंचाकरांच्या मुद्द्याला जोड देतो. बीटल्सचं १९६८ चं ‘सॅवॉय ट्रफल’ हीही यादीच. जॉर्ज हॅरिसननं ‘गुड न्यूज’ नावाच्या चॉकलेटच्या डब्यातल्या प्रकारांची नावं घेऊन ते लिहिलं, मित्र एरिक क्लॅप्टनच्या गोडखाऊपणावर. ती यादी उभी राहते धृपदामुळे, कारण तिथं सांगितलंय की एवढं खाल्लंस की दात सगळे उपटून घ्यावे लागतील. खाल्ल्याचा परिणाम गाण्यात आला.

खंजिरी

संतांचं काही आलं नाही अजून. सावता महाराजांचं ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी’ घ्या. भजनी ठेका, लय मध्यम, टाळ दाबून. पहिल्या दोन चरणांत भाजीच आहे, म्हणून ती नावं स्वच्छ ऐकू आली पाहिजेत. आपल्याकडे टाळ मोकळे वाजवायची सवय आहे, त्यात ‘मुळा’ बुडतो.

गुरुकुंज मोझरीच्या वळणाची खंजिरी भजनंही या कार्यक्रमात शोभतील. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनात धृपद चटकन परत येतं, सगळ्यांना धरता येतं. वाद्य घेताना एक पाहा : जुन्या दिमड्या-खंजिऱ्यांना घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपड संरक्षित आहे. बकरीच्या कातड्याची किंवा फायबरची घ्या. फायबरचा आवाज थोडा कोरडा येतो, पण रात्रीच्या दवात ती उतरत नाही.

झाडीचा दंडारी

खंजिरी काका, त्याच अभंगात पुढे ‘लसूण मिरची कोथिंबिरी’ आहे. सावता महाराजांची समाधी १२९५ ची. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली, म्हणजे १४९८ नंतर. दोनशे वर्षांचा फरक आहे.

खंजिरी

बरोबर बोललात. तोंडी परंपरेत शब्द बदलतात. मूळ मिरी असेल, किंवा पुढच्या एखाद्या माळ्यानं आपल्या मळ्यात जे होतं ते गायलं असेल. म्हणताना मिरचीच म्हणावं, सातशे वर्षं हा अभंग ज्यांच्या तोंडी राहिला त्यांचाही त्यावर हक्क आहे. निवेदनात मात्र दोन वाक्यांत हे सांगा. भिवापूरच्या मिरचीच्या मुलखात ते ऐकायला लोकांना आवडेल.

चुलीपुढची ओवी

मिरचीचं निवेदनात घेते. भुकेवर कोणी लिहिणार का? खाण्याच्या कार्यक्रमात पोटभरल्याचीच गाणी झाली तर तो अर्धाच राहील.

खंजिरी

लिहितो. बहिणाबाईंचं ‘अरे संसार संसार’ सगळ्यांना येतं. तव्याचा चटका आधी, भाकर मागून. पण त्याला पेटीवर फार सजवू नका, आलाप-ताना नकोत.

गाडगेबाबांचा कीर्तनाचा ढंग घेता येईल. शेणगावचे बाबा, जन्म १८७६ चा. त्यांच्या दशसूत्रीत पहिलीच ओळ भुकेलेल्याला अन्न ही आहे. बाबा सांगत कमी, विचारत जास्त. एक साधा प्रश्न, समोरून उत्तर, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. मंचावर हे करताना उत्तर देणारे आधीच पेरून ठेवू नका, लगेच कळतं. प्रश्न इतका सोपा ठेवा की मागच्या रांगेतली म्हातारीही उत्तर देईल : सकाळी चूल पेटली का? काय शिजलं? कोण शेवटी जेवलं? तिसऱ्या प्रश्नाला मांडव शांत होतो. तिथं बोलणं थांबवून ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’ धरा. हे चार-पाच मिनिटांपलीकडे नेऊ नये.

आणि पेटीमास्तरांसाठी एक : १९११ मध्ये जो हिल या कामगार गीतकारानं चर्चच्या एका प्रसिद्ध गीताच्या चालीवर नवे शब्द बसवले. उपाशी माणसाला उपदेशक सांगतो, मेल्यावर आकाशात पाई मिळेल. इंग्रजीत पुढे खोट्या आश्वासनाला तोच शब्दप्रयोग रूढ झाला. चाल ओळखीची घेतली कारण कामगारांना ती आधीच येत होती, फक्त शब्द शिकवायचे होते. आपल्याकडे भीमगीतांचे गायक, कलापथकं ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. नवं गाणं बसवायला आठच दिवस हाती असतील तर हीच वाट धरा.

बांधावरचा

ताई, मले वाटते आपल्या कामाचं एक तरी नवं गाणं पाह्यजे. हॅरी बेलाफाँटचं १९५६ चं केळीच्या बोटीचं गाणं ऐकून पाहा. जमैकाच्या बंदरावर रातभर केळीचे घड भरणारे गडी, पहाट झाली, मोजणाऱ्याले म्हणतात मोज बापा अन् आमाले घरी जाऊ दे. घड सहा फुटाचा, सात फुटाचा, आठ फुटाचा, असं मोजत जाते. एकानं म्हणाचं, बाकीच्याईनं उत्तर द्याचं. आपल्या संत्र्याच्या अंबिया बहाराच्या तोडणीले हा साचा पुरा बसते. कोजागिरीच्या सुमाराले तोडणी सुरूच व्हाची असते.

गाण्यात काम बरोबर आलं पाह्यजे, नाई तं बांधावरचे लोक हासतीन. संत्रं वढून तोडाचं नसते. वढलं का देठाजवळची साल निंगते अन् तिथूनच सडाले लागते. कातरीनं देठ राखून कापाचं. कॅरेट वीसेक किलोचं, काठाच्या वर भराचं नाई, काऊन का वरचं कॅरेट ठेवलं का फळ चेपते. हे सारं गाण्यात टाकलं :

(एक) पयलं कॅरेट भर गं बाई
(सारे) देठ राखून कातर लाव
(एक) काठाच्या वर जागा नाई
(सारे) बांधावर गाडी, पुढचं लाव

(एक) दुसरं कॅरेट भर गं बाई
(सारे) वढू नको, साल राहू दे
(एक) चांदणं आलं डोईवर बाई
(सारे) मोज रे भाऊ, घरी जाऊ दे

आकडा वाढवत सहापर्यंत न्या. ‘पयलं’, ‘दुसरं’ म्हणताना खरंच एक एक कॅरेट मंचावर सरकवा. आकडा चुकनार नाई अन् घासल्याचा आवाज ठेक्याले लागते. सुरुवातीले चाल हळू पाह्यजे, थकलेल्या मानसाची. लोक पयल्यापासूनच नाचाची चाल लावते, मंग ‘घरी जाऊ दे’ याले काई वजन राहत नाई.

टिपरी

भाऊ, मुलींना ‘भर गं बाई’ येईल लगेच. एकच बदल सुचवते : ‘काठाच्या वर जागा नाई’ इथं एक टिपरी रिकामी सोडा, पुढच्या ओळीची उचल चांगली येते.

बांधावरचा

हो ताई, तसंच करा. मापात बसते.

ढोलकीचं पान

आवाजाचं कोणीच बोललं नाही आणि कार्यक्रम तिथंच पडतात.

पट्टी आधी ठरवा. बायांची गाणी काळी चार किंवा पांढरी पाचमध्ये घ्या. पेटीवाले सवयीनं काळी एक धरतात, त्यात बायांचा खालचा सूर पुटपुटल्यासारखा होतो आणि माईकवाला आवाज वाढवत बसतो, मग शिट्टी वाजते. भुलाबाईच्या चाली चार-पाच सुरांतच फिरतात, त्यामुळे पट्टी वर नेली तरी कोणाला ताण पडत नाही. भजनं आणि मायाबाजार पुरुषांच्या पट्टीत, काळी एक. मध्ये एखादी झडती ठेवली की पट्टी बदलल्याचं कळत नाही.

आश्विनातलं दव हा दुसरा प्रश्न. नऊनंतर ढोलकीचं पान सैल पडायला लागतं, सूर उतरतो. दर गाण्यानंतर ढोलकी सुती कापडानं झाका, उघड्या आभाळाखाली ठेवू नका. नटबोल्टची असेल तर समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं पाव फेरा आवळा. एकाच बाजूनं आवळत गेलं तर पान तिरपं ताणतं आणि शाईच्या कडेला चीर जाते. डफ आणि कातड्याची खंजिरी निखाऱ्यापासून हातभर दूर धरून शेकता येते, ज्वाळेवर नाही. शाईचं पान अजिबात शेकू नका.

जात्यासाठी माईक पाळीपासून वीतभर दूर, थोडा खाली झुकलेला. स्टँडखाली चौपदरी गोधडी ठेवा, नाहीतर जमिनीचा हादरा माईकमध्ये येतो आणि ओवीऐवजी नुसती घरघर ऐकू येते.

आणि वेळ. ध्वनी प्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. वर्षातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सूट मिळते, ते दिवस जिल्हा प्रशासन जाहीर करतं. तुमच्या जिल्ह्याच्या यादीत कोजागिरी आहे की नाही हे आठ दिवस आधी ठाण्यात विचारून घ्या. नसेल तर दहानंतरचं सगळं विनामाईक आखा.

पेटीमास्तर

मग क्रम असा लागतो. आठला ओवी, आवतण आणि झडत्या, फेरीवाले, संत्र्याचं गाणं, जंबलाया, मायाबाजार, सावता महाराज. पावणेदहाला भूक आणि गोपाला. दहाला माईक बंद, माणसं गोल करून बसवा आणि भुलाबाई सुरू करा. टिपऱ्या आणि एकत्र आवाज उघड्यावर चांगले पोचतात, तिथं माईकची गरजच नाही. शेवटी खिरापत ओळखणं.

चुलीपुढची ओवी

क्रम पटला. फक्त भूक आणि गोपाला मायाबाजारच्या आधी घेते. घटोत्कचाच्या हसण्यावरून एकदम उपाशी माणसाकडे आलं तर दोन्ही पडतील. भुकेनंतर ताटं भरली की गारेलुंच्या त्या उद्गारांनाही वजन येईल. सावता महाराज माईक बंद होण्याआधी शेवटी.

दुधाचं माप लिहून ठेवते, स्वयंपाकाच्या बाया विचारतील. पन्नास माणसांना दहा लिटर म्हशीचं दूध, आटवून साडेसात लिटरवर आणायचं, म्हणजे प्रत्येकी दीडशे मिली. साखर आठशे ग्रॅम, आटल्यावरच घालायची. आधी घातली की दूध तळाला लवकर लागतं आणि जळका वास सबंध पातेल्यात उतरतो. चारोळी शंभर ग्रॅम, वेलदोडे दहा ग्रॅम, अर्धं जायफळ. साडेआठला चूल पेटवली तर साडेअकराला तयार होतं. ढवळायला दोघी पाहिजेत, उलथन्यानं तळ खरवडत राहायचं.

टिपरी

त्या दोघींना मंचाच्या बाजूलाच बसवा ना ताई. कारल्याच्या गाण्याला सासूचा आवाज त्यांच्यातल्याच एकीनं द्यावा, कढईपाशी बसूनच.

चुलीपुढची ओवी

देते. चूल मंचाच्या उजवीकडे मांडते, धूर लोकांकडे जायला नको, संध्याकाळी वारा कुठून येतो ते पाहून दगड लावू.